पडजीचा टॅग

"ह्यो बघ माझो आंगठो," म्हणत आनंदीमावशीनं उजवा हात थेट माझ्या नाकासमोर धरला. "हेच्यार एक तरी रेष गावली, तर आजचो चाय माझ्याकडसून."

चहा काही मला मिळाला नाही. मावशीचा अंगठा घासून घासून झिजलेल्या भांड्यासारखा गुळगुळीत होता. तिच्यामागे रांगेत उभ्या असलेल्या बायकांचेही तसेच. काजूच्या टरफलात तेल असतं आणि ते कातडी जाळतं. हाताला राख नि खोबरेल चोळून बसलं, तरी वर्षानुवर्षं काजी फोडणारीच्या बोटांवर रेषा म्हणून उरत नाहीत. काजू कारखान्याचे मालक दाजीशेठ, त्यांनी हौसेनं आणलेलं अंगठ्याचं हजेरीयंत्र त्यामुळे पहिल्याच आठवड्यात हरलं. ते प्रत्येकीला 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणायचं आणि बायका त्याला 'तूच कर' म्हणायच्या.

म्हणून मला बोलावणं आलं होतं. मी तेव्हा कॉम्प्युटरचा डिप्लोमा संपवून कुडाळात चुलतभावाच्या दुकानात बसत होते आणि जगातली कुठलीही अडचण आपल्यापुढे टिकत नाही, अशी माझी ठाम समजूत होती. मी शेठना एनएफसी टॅग सुचवले. नाण्याएवढी प्लॅस्टिकची चकती, आत इवलीशी चिप. दारातल्या भिंतीला एक मोबाइल ठोकायचा. येताना आणि जाताना चकती त्याला टेकवायची, की कोण आलं, कधी आलं, कधी गेलं, सगळं आपोआप नोंदलं जातं. शेठना हे हवंच होतं. परदेशातलं एक मोठं गिऱ्हाईक माल घ्यायला तयार होतं, पण कुठली बाई किती वेळ काम करते याची खरी नोंद दाखवा, म्हणून अडून बसलं होतं.

टॅग वाटले त्या दिवशी मी एक चलाखी केली होती. बऱ्याच बायकांना पडद्यावरचं नाव वाचता येणार नाही, म्हणून प्रत्येकीचं नाव मी माझ्याच आवाजात मोबाइलमध्ये भरून ठेवलं होतं. मावशीनं चकती टेकवली आणि भिंतीतून आवाज आला, "आनंदी कांबळी."

मावशी दचकून मागे झाली. मग हसली. मग तिनं पुन्हा चकती टेकवली.

"मावशी, तू आता कामावरून गेलंस असा लागला," मी म्हटलं.

"लागांदे गो. लगीन झाल्यापासून कोणी माझा पुरा नाव घेवक नाय. वायच आयकूं दे."

मग काय, प्रत्येकीला दोन-दोनदा ऐकायचं होतं. त्या सकाळी माझ्या यंत्राच्या हिशेबानं अख्खा कारखाना कामावर आला आणि लगेच घरी गेला.

रांगेच्या शेवटी प्रमिला आरोलकर होती. पस्तिशीची, उंच, बोलायला रोखठोक. तिनं टॅग हातात घेऊन उलटापालटा करून पाहिला आणि माझ्याऐवजी दाजीशेठना विचारलं, "शेटानू, आणि एखादी आजारी पडली तर ह्यो काय करतलो?"

"तो काय करतलो? ती नाय म्हणान सांगतलो," शेठ म्हणाले. "नियम जुनोच. म्हयनोभर पाट रिकामो ऱ्हवलो, की पुढच्या बाईक."

पाट म्हणजे कारखान्यातली जागा. पायानं दाबायच्या कटरसमोर बसायचा लाकडी पाट. आजूबाजूच्या वाड्यांत या पाटाला मोठा मान. कितीतरी जणी नाव घालून वाट बघत असत. प्रमिलाचा पाट तिच्या सासूकडून तिच्याकडे आलेला होता आणि घरात दुसरं मिळवतं माणूस नव्हतं. तिनं मान हलवली आणि टॅग ब्लाउजमध्ये ठेवून दिला.

पुढच्या पंधरवड्यात माझ्या हुशारीचे बरेच धिंडवडे निघाले. निम्म्या जणी टॅग स्टीलच्या जेवणाच्या डब्यात ठेवत. धातूच्या आड टॅगची बोलती बंद होते, हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. त्या डबाच मोबाइलला टेकवत आणि यंत्र मुकं झालं म्हणून मला हाका मारत. काहींचे टॅग घरी राहत, एकीचा तर पोरानं खेळात हरवला. शेवटी मावशीनंच तोड काढली. दारात एक लाकडी फळी ठोकायची, पाटाच्या क्रमानं खिळे मारायचे आणि संध्याकाळी जाताना टॅग तिथंच अडकवून जायचं. मला ती युक्ती पसंत पडली. फळीवर ओळीनं लटकणारे टॅग पाहून मला माझंच कौतुक वाटायचं. शेठनाही वाटलं असावं, कारण त्यांनी मला कारखान्याच्या ऑफिसातच ठेवून घेतलं.

दिवाळी झाली. भात कापून झालं. सकाळी मी ऑफिसात बसलेली असायची आणि दारातून माझाच आवाज एकेकीचं नाव घेत असायचा. आनंदी कांबळी. प्रमिला आरोलकर. मग बाकीच्या. संध्याकाळी मी काट्यापाशी बसून प्रत्येकीनं फोडलेल्या काजूंचं वजन करायची. बायका हात धुऊन टोपल्या घेऊन येत. हात धुणं हे तिथं मोठं काम. तेल काढायला राख लावायची, घासायचं, पुन्हा लावायची. त्यामुळे कुणाची टोपली कुणी आणली तर मला काही वाटत नसे.

"ही कोणाची?"

"प्रमिलाची."

"ती खय?"

"हात धुता."

त्या दिवसांत प्रमिला फार हात धुवायची.

आग लागली ती पौषातल्या एका दुपारी, जेवणाची सुट्टी संपून बायका नुकत्याच पाटांवर बसल्या होत्या तेव्हा. मागच्या शेडमध्ये टरफलांचा ढीग असे, बॉयलरला जाळायला. त्यात कुठून ठिणगी गेली देव जाणे. तेलकट टरफलं ती, धडाधड पेटली. काळाकुट्ट धूर कौलांखालून आत शिरला. मी भोंगा वाजवला, मोबाइल भिंतीवरून उपटला आणि धावत अंगणातल्या फणसाखाली गेले. बायका खोकत, एकमेकींना ओढत बाहेर आल्या. मी मोजू लागले. पडदा सांगत होता, आत गेलेल्या इतक्या. फणसाखाली एक कमी.

पुन्हा मोजलं. पुन्हा एक कमी.

मग मी नावं पुकारायला सुरुवात केली. एकेक जण ओ देत गेली, आणि एका नावाला ओ आली नाही.

"प्रमिला! प्रमिला आरोलकर!"

बायका गप्प. मला वाटलं घाबरल्यात.

"प्रमिला आत ऱ्हवली!" मी ओरडले.

बाबल गावडे आमचा रखवालदार. साठीचा, दम्याचा माणूस. तो बादल्या भरत होता. त्यानं माझं ओरडणं ऐकलं, खांद्यावरचा टॉवेल पाण्यात बुडवून तोंडाला गुंडाळला आणि एक अक्षर न बोलता धुरात शिरला.

मी बायकांकडे पाहिलं. मावशीचं तोंड उघडं होतं. तिनं एकदा शेठकडे पाहिलं, एकदा दाराकडे. किती वेळ गेला कोण जाणे, फार नसावा, पण तो वेळ माझ्या आयुष्यात अजून संपलेला नाही. मग ती दाराकडे धावत सुटली.

"बाबल! भायर ये! ती नाय हय! प्रमिला घराक आसा रे, भायर ये!"

आत कौलं तडकत होती, त्याला कुठलं ऐकू येतंय. मावशी दारातून आत जायला लागली तेव्हा दोघींनी तिला कमरेला धरून ओढलं. ती हातपाय झाडत होती आणि नुसती त्याचं नाव घेत होती.

बाबल बाहेर आला तेव्हा त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते. त्यानं प्रमिला बसायची त्या शेवटच्या रांगेतला एकेक पाट चाचपून पाहिला होता. तो जमिनीवर बसला, खोकून खोकून डोळे पांढरे केले, आणि श्वास सापडल्यावर त्यानं पहिलं विचारलं, "गावली प्रमिला?"



आग तासाभरात विझली. टरफलांची शेड गेली, कारखाना वाचला. बाबलला गाडीत घालून दवाखान्यात पाठवलं आणि शेठ फणसाखाली येऊन उभे राहिले. मी त्यांना कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. तेव्हाही त्यांनी चढवला नाही.

"सांगा," ते म्हणाले.

मावशीनं सांगितलं. प्रमिला दिवाळीनंतर गवत रचताना माळ्यावरून खाली पडली. मांडीचं हाड मोडलं. तीन महिने अंथरूण. महिन्यानंतर पाट जाणार. तेव्हा सगळ्या जणींनी पडजी केली.

पडजी आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. लावणीला मी तुझ्या शेतात उतरायचं, तू माझ्या. ज्याच्या घरात माणूस आडवं पडलं, त्याच्या शेतात वाडीच उतरते. त्याचं शेत पडीक राहत नाही. बायकांनी तेच इथं केलं होतं. रोज संध्याकाळी काट्याकडे येताना प्रत्येक बाई आपल्या टोपलीतली मूठभर काजी प्रमिलाच्या टोपलीत टाकत होती. मूठ मूठ करून टोपली भरायची. आणि सकाळी मावशी फळीवरून दोन टॅग काढायची, एक स्वतःचा, एक तिचा, आणि दोन्ही टेकवायची.

"आमी चोरी नाय केली, शेटानू," मावशी म्हणाली. "तिच्या वाट्याच्यो काजी फोडून दिल्यो. तुमचो एक दाणो कमी झालो नाय."

"दाण्याचा कोण विचारता?" शेठ म्हणाले. "बाबल मेलो असतो तर?"

मावशीची मान खाली गेली.

"तुमची पडजी माका कळता. माझ्या आयेनंय केली. पण शेतात कोण आसा ता सगळ्यांका दिसता. हय धूर होतो. नसलेल्या बाईक शोधूक असलेलो माणूस गेलो." शेठ माझ्याकडे वळले. "कोणाक काढूचय नाय. पण प्रमिलाचो पाट संपलो. पुढचा नाव कोणाचा, रसिका?"

मी नाव वाचून दाखवलं. दर्शना राऊळ, पलीकडच्या वाडीची.

त्या संध्याकाळी मावशी खोबरेलाची वाटी घेऊन बाबलच्या घरी गेली. मीही सोबत गेले. बाबल खाटेवर पडला होता, हात पट्ट्यांत. खोबरेल लावायला जागाच नव्हती. मावशी वाटी हातात धरून उंबऱ्यातच बसली आणि रडायला लागली.

"मिया बोलाक उशीर केलंय रे. पाट जायत म्हणान बोलाक जीभ उचलली नाय."

"रडतंस कित्याक?" बाबल म्हणाला. "माझ्या म्हशीक चारो कोण घालतलो ता बघ आदी. माझी पडजी कोण करतलो?"

मावशी डोळे पुसून उठली आणि गोठ्यात गेली. मी तिथंच उभी राहिले. बाबलनं छताकडे पाहत मला सांगितलं, "माका एकच गोष्ट सांगीत जा, बाय. भितर कोण आसा. पाट कोणाचो ता माका कळून काय करूचा?"

मी 'होय' म्हटलं. त्याचं म्हणणं मला तेव्हा पुरतं कळलं नव्हतं.

दर्शना दोन दिवसांनी आली. बारीक चणीची, पंचविशीची, अंगावर धुऊन विटलेली पण नीट इस्त्री केलेली साडी. पाटासाठी ती दोन वर्षं थांबलेली. मला वाटलं होतं, बायका तिच्याशी बोलणार नाहीत. मला भीतीच वाटत होती. पण मावशीनं तिला आत नेलं, हाताला राख नि खोबरेल कसं चोळायचं ते दाखवलं, डोक्याला फडकं बांधून दिलं. फक्त हसली नाही.

मी प्रमिलाच्या टॅगवरची नावाची पट्टी काढून दर्शनाची चिकटवली होती, मोबाइलमध्ये तिचं नाव भरलं होतं. टॅग तिच्या हातात दिला. तिनं तो उजेडात धरला.

"ह्यो कोणाचो?"

"तुझो."

"खाली दुसरा नाव दिसता."

जुनी पट्टी नीट निघाली नव्हती. 'आरोलकर'मधली दोन अक्षरं खालून डोकावत होती. मी म्हटलं, "ता पुसतंय मी."

"पुसू नको." तिनं टॅग माझ्या टेबलावर ठेवला. "ह्यो तिचो तिच्या खिळ्यार ऱ्हवांदे. माका दुसरो दी."

"अगो, पाट एक तर टॅग एक. पाट आता तुझो."

"पाट तिचो. मी राखूक इलंय."

आतली कटरांची खटखट थांबली. शेठ त्यांच्या खोलीतून बाहेर आले. त्यांना सगळं ऐकू गेलं असणार.

"राखूक म्हणजे?" त्यांनी विचारलं.

दर्शना गडबडली. पदर सारखा केला. पण बोलली. "काल सांजेक मी प्रमिलाकडे गेल्लंय. पाटार बसाच्या आदी विचारूक नको? दुसऱ्याच्या बागेतली माडाची पडलेली चुडता घेताना पण आपण विचारतंव. ती काठी घेवन चलूक लागली हा. म्हणाली, शिमग्याक येतंय. मी म्हटलंय, तू येयसर मी बसतंय. माझी काजी माझी, तुझो पाट तुझो. तू इलंस की मी उठतंय."

"आणि मगे तू खय जातलंस?"

"घराक."

"दोन वर्सां थांबलंस ना गो पाटासाठी?"

"थांबलंय तर. अजून थांबान." मग तिनं मान वर केली. "शेटानू, तुमी विचारलास काय तिका?"

शेठ माझ्याकडे बघायला लागले, जणू हे उत्तर माझ्या यंत्रात असायला हवं होतं. आणि मला त्या क्षणी बाबलचं बोलणं आठवलं. पाट कोणाचा हे एक. आत कोण आहे हे दुसरं. मी दोन्ही गोष्टी एकाच चकतीत कोंबल्या होत्या, म्हणून एक खरी ठेवायला दुसरी खोटी करावी लागत होती.

"शेठ," मी म्हटलं, "दोन टॅग करूया. एक पाटाला, तो पाटावरच चिकटवायचा, ज्याचा पाट त्याच्या नावाचा. दुसरा बाईचा, तो तिच्या गळ्यात, फळीवर नाही. आल्यावर आपला टॅग दारात टेकवायचा. बायका बसल्या की मी दुसरा मोबाइल घेऊन फिरेन, पाटाचा आणि बसलेल्या बाईचा असे दोन्ही टॅग वाचेन. नोंदीत येईल, पाट प्रमिलाचा, बसलीय दर्शना. खोटं काहीच नाही. गिऱ्हाइकालाही दाखवता येईल."

"आणि आग लागली तर?"

"गळ्यातले टॅग तेवढेच मोजायचे."

शेठ दारातल्या फळीपाशी गेले. एक शब्द इकडेतिकडे झाला असता तर प्रमिलाचा पाट गेला असता, हे सगळ्यांनाच कळत होतं.

"शिमग्यापर्यंत," ते शेवटी म्हणाले. "शिमग्याक इली नाय, तर पाट राखणारणीचो." आणि जाता जाता मावशीकडे वळून म्हणाले, "आणि पडजी करूची तर उजेडात करा. माका सांगान करा."

"करतंव, शेटानू," मावशी म्हणाली. मग दर्शनाकडे बघून पहिल्यांदा हसली.

दोन दिवस मी तेच करत बसले. पाटांच्या खाली टॅग चिकटवले, बायकांसाठी गळ्यातले दोरे ओवले. फळी काढली, ती बाबलच्या म्हशीच्या गोठ्यात गेली. खिळे तेवढे आयते मिळाले म्हणून तो खूश. हात बरे झाल्यावर तो पुन्हा दारात बसू लागला, आणि रोज सकाळी माझ्या मोबाइलशेजारी उभा राहून प्रत्येक नाव कान देऊन ऐकू लागला. एखादा देवाची आरती ऐकतो तसा.

शिमगा आला. पालखी वाडीतून फिरून गेली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी दारात काठीची टकटक ऐकू आली. प्रमिला वाळली होती. चालताना डावीकडे कलत होती. मी तिच्या गळ्यात टॅग घातला. तिनं तो भिंतीला टेकवला.

"प्रमिला आरोलकर."

बाबल उठून उभा राहिला. त्यानं तिला पायापासून डोक्यापर्यंत नीट पाहून घेतलं. "गावली," म्हणाला, आणि परत स्टुलावर बसला.

प्रमिला त्याच्यापुढे थांबली. त्याच्या हातांवरच्या गुलाबी वणांकडे तिनं पाहिलं आणि काठी भिंतीला टेकवून त्याच्या पायाशी वाकली. मोडलेल्या मांडीनं ते तिला झेपत नव्हतं. बाबल ओरडला, "अगो पडशीत!" आणि त्यानंच तिला धरून सरळ केलं.

आत दर्शना पाटावर बसलेली होती. प्रमिलाला पाहताच ती उठली. पाट फडक्यानं पुसला, कटरचा दांडा पुसला, राखेची वाटी भरून ठेवली. दोघी एकमेकींशी काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, फार बोलल्या नसाव्यात. मग दर्शना पिशवी घेऊन बाहेर आली. दिवस अजून पुरता वर आला नव्हता. शेठ खिडकीत उभे होते. मला वाटलं, ते तिला हाक मारतील, एखादा पाट वाढवतील. पण जागा खरंच नव्हती आणि शेठ नुसते पाहत राहिले. मला त्यांचा राग आला. खरं सांगायचं तर मला सगळ्यांचाच राग आला, दर्शनाचाही. इतकं सरळ वागणाऱ्या माणसाचं करायचं काय?

तिनं दारात आपला टॅग टेकवला. माझ्या आवाजात तिचं नाव आलं आणि ती निघाली.

"दर्शना, टॅग देवन जा गो," मी मागून म्हटलं. कारखान्याचा माल होता तो.

ती वळली. गळ्यातल्या दोऱ्याला हात लावला, पण काढला नाही.

"ऱ्हवांदे," ती म्हणाली. "पडजीक लागतलो."

आता कारखान्यात चेहरा ओळखणारं यंत्र आलंय. भोंगाही आपोआप वाजतो. मी अजून तिथंच आहे. नवी पोरं मला विचारतात, पाटांखाली हे जुने टॅग कशाला ठेवलेत, काढून टाकूया. मी म्हणते, हात लावायचा नाही.

दर्शना गेली त्यानंतरची गोष्ट. चैत्र लागला होता. एका सकाळी दारातून आनंदी कांबळी हे नाव आलं नाही. मी कामात होते, लक्ष गेलं नाही. थोड्या वेळानं माझाच आवाज म्हणाला, "दर्शना राऊळ." मी मान वर केली तोवर ती आत जाऊन बसलीसुद्धा होती.

संध्याकाळी मी काट्यापाशी बसले. बायका एकेक करून येत होत्या. मावशीच्या पाटाची टोपली आली, ती दर्शनाच्या हातात. आणि जुनी सवय, माझ्या तोंडून गेलंच, "आनंदीमावशी खय? हात धुता काय?"

सगळी रांग हसली. प्रमिला तर काठीवर भार देऊन डोळे पुसेपर्यंत हसली.

"नाय गो," दर्शना म्हणाली. "लेकीच्या बाळंतपणाक गेली हा मावशी. म्हयनोभर येवची नाय." तिनं टोपली काट्यावर ठेवली. "तसाच लिव."

मी तसंच लिहिलं.